अहिंसेला जोडलेलं शेपूट

'अहिंसा हा परम धर्म' हे वचन म्हणे अर्धवट आहे. गांधीजींनी (किंवा नेहरूंनी, किंवा शाळेच्या पुस्तकांनी, पाठवणाऱ्याच्या आवडीप्रमाणे) आपल्याला अर्धंच शिकवलं आणि पुढचा अर्धा भाग मुद्दाम लपवून ठेवला. त्या लपवलेल्या भागात म्हणे असं आहे की धर्मासाठी केलेली हिंसाही तितकीच परम. हा मजकूर तुम्हाला आत्तापर्यंत आला नसेल तर तुम्ही फोन वापरत नाही असंच म्हणावं लागेल. भगवी पार्श्वभूमी, खाली रथावरचा कृष्ण, आणि शेवटी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'.

तर पहिली गोष्ट. तो भाग कुणी लपवलेला नाही. तो तिथे नाहीच.

हे तपासायला संस्कृतचा पंडित असावं लागत नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती आपल्या पुण्यातच, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत तयार झाली. १९१९ साली काम सुरू झालं, १९६६ साली संपलं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते काम वाहिलं. काश्मीरपासून केरळपर्यंतची बाराशेहून जास्त हस्तलिखितं जमवून, ओळ ओळ ताडून, कुठे काय वेगळं आहे ते तळटीपांमध्ये नोंदवून ठेवलेलं आहे. (आपण दोन फाइलींमधला फरक बघायला प्रोग्रॅम चालवतो. हे लोक डोळ्यांनी करत होते, आणि जवळजवळ पन्नास वर्षं करत होते. असो.) त्या आवृत्तीचा मजकूर क्योटोच्या मुनेओ तोकुनागांनी संगणकावर चढवला, केंब्रिजच्या जॉन स्मिथांनी तपासून सुधारला, आणि तो इंटरनेटवर कुणालाही उतरवून घेता येतो. शोधाची एक आज्ञा द्या. पहिला अर्धा भाग मिळेल, वेगवेगळ्या पर्वांत मिळेल. दुसरा मिळणार नाही.

इथपर्यंत सांगितलं की समोरचा म्हणतो, बरं, शब्द नसतील, पण अर्थ तर तोच आहे ना? कृष्णानं अर्जुनाला लढायलाच सांगितलं ना?

खरा वाद इथे आहे. बनावट वचनं तर रोज शंभर फिरतात, त्यातलं एक उघडं पाडून काय मोठंसं झालं. माझं म्हणणं असं की हे शेपूट ज्या वचनाला जोडलंय, ते वचन महाभारतात ज्या कारणासाठी आलं त्या कारणाच्या बरोबर उलट हे शेपूट बोलतं. आणि हे कळण्यासाठी ते वचन कुठे, कोण, कुणाला म्हणतो हे बघावं लागतं. तेवढं सोडून बाकी सगळं फॉरवर्ड होतं.

आदिपर्वात अगदी सुरुवातीला रुरूची गोष्ट आहे. रुरू हा भृगुकुळातला ब्राह्मण. त्याचं लग्न प्रमद्वरेशी ठरलेलं असतं, आणि लग्नाआधीच ती साप चावून मरते. रुरू आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला परत मिळवतो. लग्न होतं, संसार सुरू होतो. आणि मग हा गृहस्थ काठी घेऊन निघतो. दिसेल तो साप मारायचा, असं व्रतच घेतो. लक्षात घ्या, बायको जिवंत आहे, घरी आहे. तरी ह्याचं चालूच.

एक दिवस रानात त्याला एक म्हातारा डुंडुभ दिसतो. डुंडुभ म्हणजे बिनविषारी, आपल्याकडच्या दिवडासारखा. रुरू काठी उचलतो. डुंडुभ म्हणतो, बाबा रे, मी तुझं काय केलंय? माणसांना चावतात ते साप वेगळे. आम्ही नुसते सापासारखे दिसतो. त्यांच्या वाट्याची संकटं तेवढी आमच्या वाट्याला येतात, त्यांची सुखं नाहीत.

आणि पुढे हाच डुंडुभ (जो मुळात शापानं साप झालेला ऋषी आहे) रुरूला सांगतो की अहिंसा हा परम धर्म. म्हणजे हे वाक्य ग्रंथात पहिल्यांदा येतं ते काठी उगारलेल्या माणसाला, आणि बोलतो तो ज्याच्यावर काठी उगारलीय तो. अपराध एका सापाचा, शिक्षा सगळ्या जातीला. साप म्हणून भुई धोपटणं मराठीत आपण चेष्टेनं म्हणतो. इथे साप म्हणून दिसेल तो साप धोपटणं चाललंय, आणि धोपटणाऱ्याला वाटतंय आपण कर्तव्य करतोय.

डुंडुभ एवढ्यावर थांबत नाही. तो हेही सांगतो की दंड धारण करणं, उग्रपणा, प्रजेचं रक्षण, हा क्षत्रियाचा धर्म, तुझा नव्हे. म्हणजे हिंसेची जागा ग्रंथानं नाकारलेलीच नाही! त्याच प्रसंगात, त्याच तोंडून ती मान्य केली आहे. पण कुणाची, कशासाठी, ह्या अटींसकट. आता मला सांगा, जे मूळ ग्रंथातच अटींसकट दिलेलं आहे, ते अटी काढून पुन्हा जोडायची गरज कुणाला पडली? ज्याला अटी नको होत्या त्यालाच. प्रोग्रॅममधली 'इफ'ची ओळ उडवून आतलं तेवढं ठेवलं तर जे होतं तेच इथे झालंय. फाइलीची परवानगी ७७७ करून ठेवली, आता कुणीही या आणि चालवा.

डुंडुभ जाता जाता जनमेजयाच्या सर्पसत्राचा उल्लेख करतो, आणि इथे तर मला महाभारतकारांना साष्टांग नमस्कार घालावासा वाटतो. जनमेजयाचा बाप परीक्षित तक्षकाच्या दंशानं मेला. म्हणून त्यानं पृथ्वीवरचे सगळे साप यज्ञात जाळायला घेतले. बरं, हा ब्राह्मण नव्हे, राजा आहे, दंड ह्याच्या हातात आहे. यज्ञ शास्त्रोक्त, ऋत्विज मोठे मोठे. 'धर्महिंसा' म्हणायची तर ह्याहून शुद्ध नमुना सापडायचा नाही. आणि होतं काय? हजारो साप आगीत पडतात, आणि खरा गुन्हेगार तक्षक इंद्राच्या आश्रयाला जाऊन बसतो. शेवटी तोही ओढला जातो, पण आगीत पडायच्या आत आस्तिक येतो आणि यज्ञ थांबवायला लावतो. तक्षक वाचला, बाकीचे जळले. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे सुकं राहिलं बाजूला आणि ओलं तेवढं जळालं. यज्ञ थांबवणारा आस्तिक कोण, तर नागकन्येचा मुलगा. दोन्हीकडचं रक्त असलेला. आणि आपण ज्याला महाभारत म्हणतो ती सगळी कथा वैशंपायन सांगतात ती ह्याच यज्ञात, ह्याच राजाला.

आता दुसरी जागा, वनपर्व. इथे हे वचन बोलतो मिथिलेचा खाटीक. धर्मव्याधाची गोष्ट आपल्याला लहानपणी आईवडिलांच्या सेवेची म्हणून सांगतात, आणि मधला मोठा भाग गाळतात. कौशिक नावाचा तपस्वी डोक्यावर विष्ठा टाकणाऱ्या बगळीला नुसत्या रागीट नजरेनं मारतो. मग एक गृहिणी त्याला 'मी काही ती बगळी नव्हे' असं सुनावून ह्या खाटकाकडे पाठवते. दुकानात मांस टांगलेलं, गिऱ्हाइकांची गर्दी, आणि त्या दुकानदाराकडून ब्राह्मणानं अहिंसा शिकायची!

धर्मव्याध काय म्हणतो ते मुळातून वाचण्यासारखं आहे. मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो, हे तो सांगतो, पण त्यामागे लपत नाही. नांगर चालतो तेव्हा जमिनीतले जीव मरतात. धान्याच्या दाण्यातही जीव आहे. पाऊल टाकलं तरी काहीतरी चिरडतं. ह्या जगात हिंसा न करणारा आहे कोण? (हे वाक्य फॉरवर्डवाल्यांना फार आवडेल, पण थांबा.) पुढे तो म्हणतो की अहिंसेला वाहून घेतलेल्या यतींकडूनही हिंसा होतेच, फक्त प्रयत्नानं ती कमी होते.

प्रयत्नानं कमी होते. मला वाटतं सगळं इथे आहे. आपण अहिंसा म्हणजे हो किंवा नाही अशा दोनच किमती असलेली गोष्ट समजतो. एक तर मुंगीही मारायची नाही, नाहीतर मग सगळं माफ. धर्मव्याध ती मोजण्याची गोष्ट समजतो. शून्य कधी होणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. शून्य होत नाही म्हणून मोजणंच सोडून द्या, असं मात्र तो म्हणत नाही. शेपूट जोडणारे नेमकं तेच म्हणतात.

तिसरी जागा अनुशासनपर्वातली, तिथे भीष्म मांसाहाराबद्दल बोलतात. ते आपण पटकन सोडून देऊ, कारण त्यावर लिहिलं की खाली भांडणं लागतात आणि मी स्वतः रविवारी मटण खाणाऱ्यांतला आहे. एवढंच लक्षात ठेवा की ह्या तीन जागांपैकी एकाही ठिकाणी रणांगण नाही. त्यामुळे हिंदू धर्म म्हणजे शस्त्र खाली ठेवा असं ह्या वचनावरून सांगणारेही चुकतात. ह्या वचनाचा विषय युद्ध नाही. त्याचा विषय काठी हातात असलेला साधा माणूस आहे. म्हणजे तुम्ही आणि मी.

आणि युद्धाचं म्हणाल, तर कृष्णानं अर्जुनाला लढायला सांगितलं हे खरंच आहे. पण केव्हा? आधी पाच गावांवर तडजोड करायची तयारी दाखवून झाली, स्वतः कृष्ण शिष्टाई करून हात हलवत परत आला, त्यानंतर. कुणाला? ज्याचं ते काम आहे त्याला. कुणाविरुद्ध? समोर शस्त्र घेऊन उभा आहे त्याच्याविरुद्ध. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही बाजू बसून नियम ठरवतात: पळणाऱ्याला मारायचं नाही, शस्त्र गळालेल्याला मारायचं नाही, सारथी आणि वाजंत्री ह्यांना हात लावायचा नाही. पुढे ते एकेक करून मोडले जातात आणि प्रत्येक मोडलेल्या नियमाची किंमत ग्रंथ वसूल करतो. ज्या गीतेचा दाखला देतात त्या गीतेत सद्गुण आणि तप सांगताना अहिंसेचं नाव चार वेळा येतं, दहाव्या, तेराव्या, सोळाव्या आणि सतराव्या अध्यायात. भर रणांगणावर. गीताकारांना ह्यात विसंगती वाटली नाही, कारण लढणं आणि क्रूर होणं ह्या त्यांना दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या.

ह्याला महाभारतात एक सुंदर शब्द आहे, आनृशंस्य. क्रूर न होणं. यक्षप्रश्नांत युधिष्ठिर परम धर्म म्हणून ह्याचंच नाव घेतो. चार भाऊ मरून पडलेत, एकालाच उठवता येईल म्हटल्यावर भीम किंवा अर्जुन न मागता नकुलाला मागतो, माद्रीचाही एक मुलगा राहावा म्हणून. हाच माणूस पुढे अठरा अक्षौहिणींच्या युद्धात उतरतो. लढावं लागलं तरी हे सुटता कामा नये, असा हा शब्द आहे.

'धर्महिंसा' करणारा माणूसही महाभारतात आहे, त्याचं नाव अश्वत्थामा. त्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. पांडवांनीच आधी धर्म मोडला, माझ्या बापाला शस्त्र ठेवलेलं असताना मारलं, मग मलाच नियम का? तक्रार खोटी नाही, शंभर टक्के खरी आहे. आणि त्या खऱ्या तक्रारीच्या जोरावर तो रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना कापतो, द्रौपदीच्या पाच मुलांसकट. कृपाचार्य त्याला नको नको म्हणून सांगत असतात. त्याचं पुढे काय झालं ते आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. कपाळावरच्या जखमेला तेल मागत अजून फिरतो म्हणतात.

कुणी म्हणेल की हे सगळं ठीक, पण हिंदू समाज अहिंसेच्या नादानं दुबळा झाला त्याचं काय? हा आक्षेप मी उडवून लावत नाही. सावरकरांनी 'सहा सोनेरी पाने'मध्ये सद्गुणविकृती म्हणून तोच मांडला. मला तो सगळा पटत नाही, पण त्यांनी तो स्वतःच्या नावावर मांडला. टिळकांचं उदाहरण तर त्याहून चांगलं. 'गीतारहस्या'च्या कर्मजिज्ञासा प्रकरणात त्यांना हेच दाखवायचं आहे की अहिंसेला अपवाद आहेत. त्यासाठी ते डुंडुभाचं तेच वचन देतात आणि मग आधार घेतात मनूच्या आततायीच्या नियमाचा: आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा वगैरे. मंडालेच्या तुरुंगात बसून इतके ग्रंथ पालथे घालणाऱ्या माणसाला महाभारतात हे आयतं शेपूट सापडलं असतं तर त्यांनी मनूकडे जायचे कष्ट घेतले असते का? आणि आततायीला मारायची मुभा आहे, कौरव आततायी आहेत, हे अर्जुनाला ठाऊक होतं. पहिल्या अध्यायात तो तोच शब्द वापरून म्हणतो की ह्यांना मारून आम्हाला पापच लागेल. मुभा असतानाही हात थरथरतो. ज्याचा थरथरत नाही त्याच्यासाठी गीता सांगायची गरजच नव्हती.

ज्यांना अर्धवट वचनाचे गुन्हेगार म्हणतात त्या गांधीजींनी १९२० साली लिहून ठेवलं होतं की भित्रेपणा आणि हिंसा ह्यांतूनच निवडायचं असेल तर मी हिंसा निवडा म्हणेन. १९२८ साली आश्रमातल्या तडफडणाऱ्या वासराला त्यांनी इंजेक्शन देऊन मरण दिलं, आणि अहिंसावाल्यांच्याच शिव्या खाल्ल्या. त्यांच्याशी भांडायला खूप जागा आहे. पण भांडायचं तर खऱ्या गांधींशी भांडा.

आणि दंड धारण करणं म्हणजे काय, ह्याचंही उदाहरण लांब शोधायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे हातात फक्त लाठी घेऊन पुढे गेले, कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यांच्या सहकाऱ्यांनी कसाबला बडवलं, पण जिवंत पकडलं. पुढे त्याला वकील मिळाला, खटला चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील झालं, दयेचा अर्ज झाला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. चार वर्षं बिर्याणी खायला घातली म्हणून तेव्हा किती लोक बोंबलत होते आठवतंय? (ती बिर्याणीसुद्धा खरी नव्हती, सरकारी वकिलांनीच पुढे कबूल केलं.) फाशी असावी की नसावी हा वेगळा वाद. पण डुंडुभानं सांगितलेल्या सगळ्या अटी तिथे पाळलेल्या दिसतात. ज्याचं काम त्यानं, जो समोर शस्त्र घेऊन उभा त्याच्यावर, आणि नियमानं.

आता दुसरं चित्र. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज आठवडाभर फोनवर फिरत होते. बाजाराच्या दिवशी लोकांनी त्या पाचांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारून टाकलं. पुढे १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात, तशाच अफवेवर, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. दोन्ही ठिकाणच्या जमावाला विचारलं असतं की काय करताय, तर उत्तर एकच आलं असतं: आमची पोरं वाचवतोय. आणि पोरं वाचवणं हा धर्म नाही असं कोण म्हणेल?

शेपूट फिरवणारे मला सांगतात, अहो, हे सगळ्यांना समजतं, ते काही कुणाला मारायला सांगत नाहीये, नुसती जाणीव करून देतंय. मग त्यांनी एवढंच करावं. पुढच्या वेळी पाठवताना खाली तीन ओळी वाढवाव्यात: ही हिंसा करायची कुणी, कुणाविरुद्ध, आणि ती योग्य होती की नाही हे नंतर ठरवणार कोण. मजकूर फार लांब होणार नाही. मी स्वतः दोघांना हे सुचवून पाहिलं. एकानं हसण्याचा चेहरा पाठवला, दुसऱ्यानं मला ग्रुपमधून काढलं.